मायच्या सिरियलमधली मीनल

मी गाव सोडलं त्या सकाळी माय मला पोचवायला स्टँडवर आली नाही. ती कपाशीच्या सीड प्लॉटवर होती, म्हणून मीच बॅग खांद्याला अडकवून धुऱ्याधुऱ्यानं, शेताच्या बांधावरून, तिच्या ओळीपर्यंत गेले. तिचे हात परागानं पिवळे झालेले होते आणि ती ते थांबवायला तयार नव्हती. "ऊन चढलं का हे फूल काही कामाचं राह्यत नाई," असं ती म्हणाली, मला नाही, फुलाकडे बघत. आजूबाजूच्या ओळींत पंधरा-वीस बाया, आणि सगळ्यांचे कान मायकडे, कारण गोष्ट ऐन रंगात आलेली. सुलक्षणा आणि मीनल घर सोडून निघाल्या होत्या आणि नांदुऱ्याच्या स्टेशनावर एक बॅग मध्ये ठेवून उभ्या होत्या.

"आगे बोल ना री," शेजारच्या ओळीतली रोशनखाला म्हणाली. मायनं माझ्याकडे एकदा पाहिलं. "जाय. मांगं पाहू नको," म्हणाली, आणि लगेच बायांना, "तं मंग गाडी आली..." मी चालायला लागले. त्या दोघी गाडीत चढल्या की नाही हे मला ऐकू आलं नाही, कारण तिकडे माझी बस हॉर्न वाजवत होती. पिंपळगाव राजातून पुण्याला निघालेली मी, लॅबच्या कोर्सला ॲडमिशन मिळालेली, आणि डोक्यात काय तर त्या दोघींचं काय झालं.

सांगते. तुमच्यातले जे गावात राहिले त्यांना हे ठाऊक आहे, पण माझ्यासारखे जे पळाले त्यांच्या पोरांना ठाऊक नसणार. बीटी कपाशी आली तेव्हा आमच्याकडे सगळे म्हणायचे, आता अळी गेली, आता सोनं पिकणार. सोनं कोणाचं पिकलं ते देवाला माहीत. आमच्या घरचं कोरडवाहू रान दर वर्षी नव्या वाणाची पाकिटं गिळायचं आणि नांगरणीचा खर्चसुद्धा परत द्यायचं नाही. म्हणून माय बियाण्याच्या प्लॉटवर जायची. संकरित बियाणं हातानं करावं लागतं. संध्याकाळी मादीच्या ओळीतली उद्या उमलणारी कळी नखानं सोलायची, आतला पिवळा भाग काढून टाकायचा, खूण म्हणून लाल कागद लावायचा. सकाळी नराच्या ओळीतलं फूल आणून त्यावर घासायचं. दिवसभर तेच. कंबर मोडते, नखं काळी पडतात, आणि सोलायचं राहिलेलं एखादं फूल दिसलं की सुपरवायझर आईबापाचा उद्धार करतो.

हात चालते ठेवायचे तर तोंड चालतं हवं. ते काम मायचं. रात्री आठला एक हिंदी सिरियल लागायची, मोठं घर, मोठाल्या टिकल्या, सासू खलनायिका. साडेआठच्या आत आमच्या गावाचं लोडशेडिंग सुरू व्हायचं, म्हणजे अर्धा एपिसोड दिसायचा आणि अर्धा अंधारात. उरलेला अर्धा माय दुसऱ्या दिवशी पातीत, म्हणजे ओळीनं काम करणाऱ्या बायांत, सांगायची. तिनं तो पाहिलेला नसायचा. ऐकणाऱ्यांनीही पाहिलेला नसायचा. मग अडचण काय!

त्या सिरियलमध्ये सुलक्षणा थोरली जाऊ आणि मीनल धाकटी, दोघींचं हाडवैर. थोरली धाकटीच्या वरणात मीठ ओतायची, धाकटी थोरलीची साडी जाळायची. बाकी सगळ्यांना ते वैर दिसलं. मायला दिसलं नाही. "वैर असतं तं मिठाऐवजी दुसरं काही टाकलं नसतं का तिनं?" माय म्हणायची. "हा रुसवा व्हय. नवऱ्यावर कोनी इतलं रुसत नाई." मग एका रात्री मीनलचा हात भाजला आणि सुलक्षणानं तो हातात घेऊन त्यावर फुंकर घातली. कॅमेऱ्यानं तिचा चेहरा तीनदा दाखवला, धडाम धडाम म्युझिक झालं आणि लाइट गेली. सकाळी मायनं पातीत सांगितलं, "मंग तिनं हात सोडलाच नाई."

मी मायच्या शेजारच्या ओळीत होते, फूल घासत. बारावीत होते. वर्गातल्या एका मुलीच्या वेणीवरून माझी नजर हलायची नाही आणि मला वाटायचं की मला काहीतरी बिमारी आहे. मायचं ते वाक्य ऐकलं आणि मला रडूच आलं. ऊन डोळ्यात गेलं असं सांगितलं. अशी गोष्ट असू शकते, ती तोंडानं सांगता येते, आणि ऐकणाऱ्या बाया "छी" न म्हणता "मंग? मंग?" म्हणतात, हे मला त्या ओळीत कळलं. दिवसभर नर-मादीची लग्नं लावणाऱ्या बाया, आणि जीव अडकलेला त्या दोघींत.

एकदा एकीची बहीण खामगावाहून आली. तिकडे लाइट होती. ती म्हणाली, तुम्ही म्हणता तसं काहीच नाही दाखवलं, मीनलला तर दिवस गेलेत. रोशनखाला तिच्यावर अशी भडकली! रोशनखाला म्हणजे आमच्या गल्लीतल्या पिंजाऱ्यांची, गाद्या भरायचं काम सुटल्यावर प्लॉटवर यायला लागलेली, मायची जिवाभावाची. "खामगाव का खामगाव में रख," ती म्हणाली. "हमारी सिरियल कौसल्या की है." कौसल्या म्हणजे माझी माय. पुढे खरी सिरियल बंद पडली, गावात इन्व्हर्टर आले, मोबाइल आले, पण दर सीझनला पातीत मायची सिरियल चालूच राहिली.

पुण्यात मी लोकांच्या रक्ताची सॅम्पल्स तपासायला लागले. शिफ्ट, मेस, रूममेट, सगळं शिकले. "मले" म्हणायचं बंद केलं, कारण मी तोंड उघडलं की लॅबमधल्या पोरी हसायच्या. मग फोनवर नेट आलं आणि मला आमच्यासारख्यांचा एक अख्खा देश सापडला. सिनेमा-सिरियलमधल्या ज्या दोघींना किंवा दोघांना लेखकानं कधी जवळ आणलंच नाही, त्यांच्या नजरानजरेचे तुकडे कापून, मागे गाणं लावून व्हिडिओ करणारी पोरं. त्यांच्यासाठी नवे शेवट लिहिणाऱ्या पोरी. कोणी कोणाला आवडतं यावरून रात्रंदिवस भांडणं. माझी एक मैत्रीण म्हणाली, हे फार नवीन आहे, परदेशातून आलंय. मी म्हटलं, जा गं, आमच्या धुऱ्यावर हे लोडशेडिंगपासून चालू आहे.

राजश्री तिथंच भेटली, अशाच एका भांडणात. ती इचलकरंजीची. आमच्याकडे कापूस, त्यांच्याकडे माग. आमटीत गूळ घालते, आणि मी बोलले की म्हणते, "तुमच्या ठेच्यानं जीभ मेलीय तुझी." आम्ही एकत्र राहतो. सोसायटीच्या वॉचमनला मावसबहिणी म्हणून माहीत आहोत.

मध्ये एक वेबसिरीज आली. दोन बायकांची, उघडउघड. आम्ही सुट्टी काढून पाहिली. काचेची बाल्कनी, हातात ग्लास, दोघी इंग्रजीत रडणाऱ्या; स्वयंपाक कोण करतं, घरमालक काय विचारतो, काही पत्ता नाही. तरी आम्ही खूश होतो. शेवटच्या भागात एकीला गाडीनं उडवलं. राजश्रीनं उशी भिंतीवर फेकली. "मारली बघ हितं बी! आपल्यातली एक मेल्याशिवाय ह्यांची गोष्ट सरत न्हाई." ती दोन दिवस धड जेवली नाही. मी तिला म्हटलं, माझ्या मायच्या सिरियलमध्ये त्या जिवंत आहेत. मला खरंच तसं वाटत होतं.

मग नांदुऱ्याच्या एका अडत्याच्या मुलाचं स्थळ आलं. मायचे फोन सुरू झाले, पोरगा चांगला आहे, घरची जिनिंग मिल आहे. मी बरेच दिवस टाळलं. शेवटी म्हटलं, जी भाषा तिनं दिली त्याच भाषेत सांगू. म्हटलं, "माय, तुह्या सुलक्षणा-मीनलचं जसं आहे ना, तसं माझं आहे. मी एकटी नाही राहत."

मग माय म्हणाली, "ते खोटं व्हतं वो. उन्हात बायांचे हात चालाले पाह्यजेत म्हनून सांगत व्हती मी." आणि वर, "गावाले येजो. एकटीच येजो."

मी गेले नाही.

त्याच सीझनला रोशनखालाचा फोन आला. ती संतापली होती. "तेरी माँ पागल हो गई क्या री, रेखा? मीनल को मार डाली!" माय एका सकाळी पातीत आली आणि कोणी विचारायच्या आधीच म्हणाली, मीनल पुन्याले गेली अन् तिकडंच मेली. मयतसुद्धा गावाले आनलं नाई. बाया हादरल्या. एकीनं तर दुपारी भाकरीचं फडकं सोडलं नाही. "इतने साल पाल-पोस के बड़ा किये हमने उसको," रोशनखाला म्हणत होती. "तू बोल तिला. तुयं ऐकते ते. बोल, वापस ला." खालाला काही म्हणजे काही माहीत नव्हतं. ती बिचारी एका गोष्टीतल्या बाईसाठी भांडत होती, आणि इकडे मी माझ्याच मयताची बातमी ऐकत होते.

राग आला मला. आजही येतो. अगं, मारायचं होतं तर फोनवर शिव्या देऊन मारायचं. ज्या तोंडानं मला जगायला शिकवलं त्याच तोंडानं, त्याच ओळीत उभी राहून, त्याच बायांसमोर?

मी तसेच दोन सीझन तणतणत काढले. मग राजश्रीच म्हणाली, "चल, मी येते. फार तर हाकलून देतील." आम्ही शेगावला उतरलो. लॉजवाल्यानं विचारलं, बहिणी का? हो म्हटलं, सवयच आहे. तिला तिथं ठेवून मी खामगावमार्गे गावाला गेले. ठरलं असं की माय हो म्हणाली तर मी फोन करणार, आणि ती दुपारच्या बसनं येणार. तिनं मायसाठी इचलकरंजीची सुती साडी आणली होती. पिशवी मांडीवर घेऊन खाटेवर बसली होती, मी निघाले तेव्हा.

रस्त्यानं कपाशी बघवत नव्हती. बोंडअळीनं बीटीलाही पाणी पाजलं होतं. एका रानात माणूस उभ्या पिकात गुरं सोडून धुऱ्यावर पाठ करून बसला होता. प्लॉट मात्र चालू होता. माय त्याच कामावर, आता जाड चष्मा लावून. मला पाहून म्हणाली, "जेवली का?" मी हो म्हटलं. तिनं पुढचं फूल धरलं.

रोशनखालानं वाटच पाहिली नाही. "आ गई बेटी! अब तूच बोल इसको. काय को मारी मीनल को?"

मी मायच्या शेजारच्या ओळीत शिरले. हातात नराचं फूल घेतलं, कारण रिकाम्या हातानं मला बोलता आलं नसतं. म्हटलं, "मीनल मेली नाई. ते खबर खोटी व्हती." कित्येक वर्षांनी मी असं बोलत होते. "पुन्यात हाय. नोकरी करते. सुलक्षणा तिच्यासंगं राह्यते. दोन खोल्या हायेत. आमटीत गूळ घालते म्हनून दोघींचं रोज भांडन."

बाया हसल्या. एकीनं विचारलं, "लोकं काही म्हनत नाई?"

"बहिनी सांगाव लागते."

"अन् घरचे?"

"घरच्यांनी एकीले मेली सांगतलं," मी म्हटलं. "आता सुलक्षणा शेगावले लॉजवर बसेल हाय. सासू म्हनो का माय म्हनो, तिच्यासाठी लुगडं आनलं तिनं. घरी बलावलं तं एका तासात येते. आता घरच्यांनी सांगाव."

रोशनखालाचा हात थांबला. तिनं माझ्याकडे पाहिलं, मग मायकडे, आणि तिचा चेहरा एकदम उतरला. बाकीच्यांना गोष्टच वाटत होती. "कौसल्याबाई, बलाव ना वो तिले!" "येऊ दे वो, इतक्या लांबून आली बिचारी!" सगळ्या पातीतून आवाज. मायनं फूल घासलं. दुसरं धरलं, तेही घासलं.

"मेलेलं मानूस जेवाले येत नाई," ती म्हणाली. "हात चालवा वो बायांनो. ऊन वर आलं."

मी फूल ओळीत टाकलं आणि निघाले. या वेळी मी मागं वळून पाहिलं. ती बघत नव्हती. शेगावला राजश्रीनं दार उघडलं, माझं तोंड पाहिलं आणि काही न विचारता साडी बॅगेत खाली सारली.

त्यानंतर मायचा फोन नाही. मी केला तर उचलत नाही. रोशनखालाचा मात्र येतो, आणि आता ती राजश्रीचीही चौकशी करते, नाव न घेता: "वो गुड़वाली कैसी है?" मागच्या आठवड्यात म्हणाली की तेरी माँ अब कुछ सुनाती नहीं. गुमसुम काम करते. पातीत नुसता पानांचा आवाज. मग बायांनी एक युक्ती काढलीय. माय पाणी प्यायला माठाकडे गेली की त्या मीनलची गोष्ट पुढे सांगतात. एकेक बाई थोडीथोडी जोडते. पुण्यात त्यांनी आम्हाला फ्रीज घेऊन दिलाय. ती परत येताना दिसली की गप्प बसतात.

"तिला कळत नाही का?" मी विचारलं.

खाला म्हणाली, "माठ तं दहा पावलावर हाय, रेखा. पहले एक मिनट में आती थी. आताशा लय टाइम लावते. उधर मुंह करके खड़ी रहती, हाथ में गिलास लेके."

लोक विचारतात, घर कुठलं? पुणे सांगते, कधी पिंपळगाव सांगते. खरं सांगायचं तर माझं घर सध्या तेवढंच आहे: माय पाणी पिऊन येईपर्यंत.