घोड्यांमागचा पदवीधर

आमचे दाजी, म्हणजे माझ्या बहिणीचा, आर्लिसचा, नवरा व्हर्लिन, हे हॅडलक कॉलेजचा लाल कोट घालूनच जन्माला आले असावेत. आयोवातलं आमचं गाव टीचभर, पण ऑक्टोबरात माजी विद्यार्थ्यांची मिरवणूक निघाली की दाजींचा रुबाब बघावा! जुन्या तुकड्या पुढे, उघड्या गाडीत. सगळ्यात नवी तुकडी शेवटी, घोड्यांच्या मागे, फावड्याने लीद भरत. दाजी गाडीतून मान वळवून ओरडायचे, "अरे, फावडं नीट धरा! परंपरा आहे ती!"

परंपरा समितीचे अध्यक्षही तेच. दुसरं कुणी तयारच नव्हतं म्हणा.

आता गंमत ऐका. हॅडलकची पदवी हवी तर तलाव पोहून पार करावा लागतो. संस्थापकाचा मुलगा बुडाला होता म्हणे. कुणी म्हणतं मुलगा नव्हे, कुत्रा. ही अट काढायचा ठराव दोनदा आला आणि दोन्ही वेळा दाजींनी टेबल बडवून हाणून पाडला.

गेल्या साली नव्या प्राचार्या आल्या, ओक्विस्ट बाई. म्हणाल्या, "अट काढून टाकू. जुन्या ज्या लोकांची पदवी यापायी अडलीय, त्यांना घरपोच देऊ." समितीत मीही आहे, केक आणते म्हणून ठेवलीय. मतं सारखी पडली. आता अध्यक्ष काय म्हणतात त्यावर सगळं. बघते तर दाजींचा चेहरा पांढराफटक! तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. यांच्या घरी कपाटभर लाल कोट, पण भिंतीवर पदवी कधी दिसलीच नव्हती. हा माणूस पोहलाच नव्हता! नुसता हात वर केला असता तर फुकटात पदवीधर झाला असता.

दाजींनी घसा खाकरला. "अट राहील," म्हणाले आणि मटकन खाली बसले.

वेडाच आहे! पण खरं सांगते, इतक्या वर्षांत त्या दिवशी पहिल्यांदा मला तो माणूस आवडला.

मी तडक बहिणीकडे. ती बटाटे सोलत होती.

"मला काय नवीन सांगतेस? लग्नाआधीपासून ठाऊक आहे. निम्म्या गावाला पोहायला मी शिकवलं आणि माझा नवरा बाथटबातसुद्धा काठ धरून बसतो!"

"मग बोलली का नाहीस गं?"

"त्याने सांगावं म्हणून थांबले होते."

सांगितलं त्याने, त्याच संध्याकाळी, ताटातले बटाटे चिवडत. आर्लिस उठली आणि पोहायची चड्डी आणून त्याच्या पुढ्यात टाकली.

मग हिवाळाभर सत्तरी उलटलेला हा गडी तिच्या वर्गात, सहा वर्षांच्या पोरांत, दंडावर फुगे बांधून. पोरं शिकवायची, "आजोबा, नाक धरा!" मे महिन्यात तलाव पार केला. पोहणं कसलं, गाय ओढा ओलांडते तसं. पण पलीकडचा काठ शिवला एकदाचा. पदवी मिळाली.

ऑक्टोबरात दाजी नवाकोरा लाल कोट चढवून पुढच्या गाडीकडे निघाले. ओक्विस्ट बाई आडव्या आल्या. "व्हर्लिन, तुमच्या पदवीवर तारीख यंदाची आहे. यंदाची तुकडी मागे."

"अहो बाई, माझे गुडघे..."

"परंपरा आहे ती," बाई गोड हसल्या.

दाजी गेले मागे. फावडं घेतलं. कॉलेजचं गाणं सगळ्यांत मोठ्याने तेच म्हणत होते, तेही बेसूर. आमच्यासमोर आले तशी आर्लिस ओरडली, "अहो पदवीधर, फावडं नीट धरा!"

"धरलंय गं!" म्हणाले, आणि कोटाच्या बाहीने डोळे पुसत लीद भरत पुढे गेले.