भासऱ्यांनी बसवलेला पंप

माझ्या भासऱ्यांइतका, म्हणजे नवऱ्याच्या थोरल्या भावाइतका, वेडा आणि तितकाच भला माणूस उभ्या वऱ्हाडात दुसरा झाला नसेल. हे मी मायेने म्हणते आणि रागानेही म्हणते. घरचं किराणा दुकान धाकट्या भावावर, म्हणजे माझ्या यजमानांवर, सोपवून ते दिवसभर छत्तीस सालच्या एका विलायती मोटारीखाली निजलेले असत. लग्न होऊन मी दारव्ह्याला आले, तेव्हा सासूबाईंनी थोरल्यांना नमस्कार करायला लावला, तो मोटारीखालून बाहेर आलेल्या दोन पायांना. मी वाकले. आतून आशीर्वाद आला, "थो बारका पाना दे इकडं." मी पाना दिला. कोणाच्या हातून घेतला हे कळल्यावर बिचारे अर्धा तास बाहेरच आले नाहीत.

कारण आमच्याकडे सून भासऱ्यांशी बोलत नसे. समोर जायचं तर डोक्यावर पदर, आणि काही सांगायचंच झालं तर तिसऱ्या माणसामार्फत. जाऊबाई फार लवकर गेल्या होत्या, त्यामुळे हा तिसरा माणूस दर वेळी कुठून आणायचा हा प्रश्न असे. भासऱ्यांनी त्यावर तोड काढली होती. ते मोटारीशी बोलत. मी ओसरीवर तांदूळ निवडत असले की अंगणातून ऐकू येई, "काहून वं गाडे, आज चहात साखर टाकाची राह्यली काय?" मी मॅट्रिक झालेली आहे हे त्यांना कळलं, त्या दिवशी मोटारीला चांगलंच बोलणं बसलं. "म्याट्रिक झालेल्या माणसानं जलमभर चुलीतच फुंकावं काय? काही बोलशीन का नाही?" मोटार काही बोलली नाही. आठवड्याने स्वतः यवतमाळला जाऊन ते मास्तरणींच्या ट्रेनिंगचा अर्ज घेऊन आले. वयाच्या अटीप्रमाणे माझं ते शेवटचं वर्ष होतं. थोरल्यांपुढे बोलायची आमच्या घरात रीत नव्हती, म्हणून माझे यजमान हो म्हणाले नाहीत आणि नाहीही म्हणाले नाहीत. फक्त ताटावरून लवकर उठू लागले.

मुलाखतीचं बोलावणं ऐन वैशाखातलं आलं. वैशाख म्हणजे त्या मोटारीचा वैरी. तिचा पेट्रोल ओढणारा मूळचा पंप इंजिनाला चिकटलेला. इंजिन तापलं की पेट्रोल नळीतच उकळायचं आणि गाडी रस्त्यात बसायची. भासरे पंपावर ओलं फडकं टाकून वारा घालत बसत. बसने जाता आलं असतं, पण ते काही त्यांना पटेना. यवतमाळच्या एका मुसलमान मिस्त्रीकडून त्यांनी मोडीतल्या गाडीचा विजेवर चालणारा पंप आणला. मिस्त्रीने बजावलं होतं, "भाऊ, इसको पीछे टाकी के पास लगाना. खींचने से ढकेलना आसान." त्याप्रमाणे त्यांनी मागे टाकीजवळ पत्र्याचा रंग खरवडून पंप पक्का बसवला. तिथून पुढच्या बटणापर्यंत तार आणली आणि कथील वितळवून जोड दिला. डाग द्यायला लागणारा विस्तव शेगडीत घालून मीच अंगणात ठेवून आले होते. पंपाला वेगळं बटण हवं होतं, पण "तिच्या तोंडाले भोक नाही पाडत म्या" म्हणून त्यांनी तो दिव्यांच्याच बटणाला जोडला. त्यामुळे दिवे लावल्याशिवाय मोटारीला पेट्रोल मिळेना. बटण ओढलं की मागून टिक् टिक् टिक् ऐकू येई, आणि पेट्रोल भरलं की आवाज थांबे. मग सगळ्या घराला गप्प करून ते म्हणत, "पोट भरलं तिचं." भर दुपारी दिवे लावून ते गावातून निघाले की प्रत्येक बैलबंडीवाला ओरडे, "भाऊ, बत्ती जळून राह्यली!" आणि भासरे प्रत्येकासाठी गाडी थांबवून त्याला पंप समजावून सांगत. एका माळणीला तर त्यांनी मोटारीखाली वाकायला लावलं होतं.

मुलाखतीच्या दिवशी सकाळी आम्ही निघालो. भासरे गाडी चालवत होते, शेजारी यजमान, मागे मी. बोरी अरब गावापर्यंत गाडी सुरेख आली. तिथे रेडिएटरमध्ये पाणी घालायला भासरे उतरले आणि त्यांनी बॉनेट उघडलं. बॉनेटच्या आड ते दिसेनासे झाले तेव्हा यजमान चपलेचा पट्टा नीट करायला वाकावं तसे वाकले. त्यांचा हात बटणाखाली गेला आणि त्यांनी हिसका दिला. मी पाहिलं.

गाव मागे पडताच गाडीने दोन आचके दिले आणि थांबली. दिवे लागत होते. म्हणजे वीज येतेच आहे, दोष पंपात, असं धरून भासरे मागच्या बाजूने गाडीखाली शिरले. मला त्यांना सांगायचं होतं. पण सांगायचं कोणामार्फत? तिसरं माणूस तिथे एकच होतं आणि ते बाभळीखाली पान लावत बसलं होतं. यवतमाळची बस आली, आमच्याजवळ हळू झाली. यजमानांनी हात हलवला, "जाऊ द्या, आताच सुरू होते गाडी!" मी ओरडू शकले असते. पदर दातांत धरून बसून राहिले. याचा राग मला त्या दोघांपेक्षा स्वतःचा जास्त येतो.

दुपारी दोन वाजता, मुलाखतीची वेळ टळून गेल्यावर, भासऱ्यांच्या हाताला बटणाखालची तार लागली. जोड जागच्या जागी होता. तार मधूनच तुटली होती. त्यांनी ते टोक बराच वेळ पाहिलं, मग धाकट्या भावाकडे पाहिलं, आणि म्हणाले, "जोड कच्चा राह्यला. माह्यंच चुकलं." घरी येऊन सगळ्यांपुढे तेच सांगितलं. दारव्ह्यात जो तो म्हणू लागला, दिवसा दिवे लावून म्हाताऱ्याने भावाच्या बायकोचं नशीब विझवलं. त्यांनी ते ऐकून घेतलं. पुढे मोटार विकली आणि दुकानात गूळ जोखत बसू लागले. मी चुलीशी होतेच.

सात वर्षांनी ते अंथरुणाला खिळले. एका दुपारी मी पेज घेऊन गेले तेव्हा खोलीत दुसरं कोणी नव्हतं. त्यांच्या मनावर अजून तो ठपका असेल, तो उतरवावा, असं मला वाटलं. आयुष्यात पहिल्यांदा मी त्यांच्याशी बोलले. "दादाजी, जोड पक्का होता. तार कोनं तोडली, म्या पाह्यलं होतं."

त्यांनी मान वळवली. "तुमी पाह्यलं होतं?"

"हो."

"मले वाटलं, तुमाले समजूच नोये. त्याच्यासंगंच जलम काढाचा होता तुमाले." मग हसायला गेले आणि खोकला लागला. खोकला थांबल्यावर म्हणाले, "म्हंजे सात वर्सं म्या फुकटच मूर्ख झालो."

पाच दिवसांनी ते गेले. मला संसारात सुख लाभावं म्हणून त्यांनी गावाचं हसू पत्करलं होतं, आणि ते सुख मला लाभलं आहे अशा समजुतीत ते सात वर्षं जगत आले होते. शेवटच्या आठवड्यात मी त्यांची ती समजूत काढून घेतली. बोलायचं होतं त्या दिवशी रस्त्यावर मी गप्प बसले. त्या खोलीत मात्र गप्प बसणं मला जमलं नाही.