वांगावरची बिनलेबलची डबी

धाकट्याच्या वेळी गरोदर असताना माझ्या दोन्ही गालांवर वांग उठलं. बाळंतपणानंतर जाईल, म्हणाले सगळे. कसलं जातंय! भाईंदर पूर्वेला आमचं पोळीभाजी केंद्र, दिवसभर तव्यासमोर तोंड. जायफळ उगाळून लावलं, बटाटा चोळला, सासूबाई म्हणाल्या म्हणून मसुराचं पीठही थापलं. डाग ढिम्म हलेनात. येणारी प्रत्येक बाई पोळ्या घेता घेता विचारायची, "ताई, तोंडाला काय झालं हो?" जीव नकोसा व्हायचा. अगं, पोळ्या घे आणि चालू लाग ना!

कातडीच्या डॉक्टरीणबाईंनी नीट सांगितलं होतं. हे गरोदरपणात आलंय, आता ऊन आणि तव्याची धग त्याला जाऊ देत नाही. मलम देते, सनस्क्रीन लावा, पण महिने लागतील आणि पूर्ण जाईलच असं नाही. एवढा धीर कुठून आणू? हाटकेशच्या एका पार्लरवालीने बिनलेबलची डबी पुढे केली. "भाभी, एक बार लगा के तो देखो." लावली. आणि खरंच, चेहरा असा उजळला की नवराही वळून वळून बघायला लागला. मी हरखून गेले. लगेच दुसरी डबी आणून ठेवली.

मग पाय सुजले. डोळ्यांखाली सूज, लघवीला फेस. किडनीच्या डॉक्टरांनी पहिलाच प्रश्न विचारला, "चेहऱ्याला काय लावता?" डबी तपासायला गेली. पारा निघाला. पारा! हौसेने तोंडाला चोळला, तो किडन्यांत जाऊन बसला. क्रीम बंद केली तरी त्या सुधारतील का, ते आत्ताच सांगता येणार नाही म्हणाले. मी घाबरून गेले.

हॉस्पिटलात नणंद भेटायला आली. तिलाही वांग आहे, दोन स्थळं त्यावरूनच मोडली. तिने सफरचंदं ठेवली, इकडचं तिकडचं बोलली आणि हळूच म्हणाली, "वहिनी, कपाटात दुसरी डबी आहे ना? तू तर आता लावणार नाहीस. मग मी नेऊ?"

माझं डोकंच फिरलं. "शुद्धीवर आहेस का?" चादर बाजूला फेकली, नडगीवर बोट दाबलं. खड्डा पडला, तो भरेचना. "बघ! हे हवंय तुला?"

ती खड्ड्याकडे बघत राहिली. रडायलाच लागली. मग डोळे पुसून माझ्या गालांकडे बघत म्हणाली, "पण तोंड किती साफ झालंय गं तुझं."