चार बोटं दुमड

टेलरबाईंचा एक नियम होता. शाळेच्या स्कर्टला खाली चार बोटं दुमड ठेवल्याशिवाय त्या टीप घालत नसत. एखादी आई कुरकुरली, "अहो, काठ किती जाड दिसतोय," तर त्या दातांत दोरा धरूनच म्हणत, "दिसू दे. पुढच्या वर्षी पोर वाढली की माझीच आठवण काढाल."

शाळा उघडायच्या आधी त्यांनी स्वतःच्या मुलीचा स्कर्ट शिवायला घेतला. मुलगी दहा वर्षांची. घरात तिला भिंगरी म्हणत. रक्ताच्या कॅन्सरवरचे उपचार संपून काही महिने झाले होते. केस परत आले होते, तेही आधीपेक्षा कुरळे. शेवटच्या दिवशी डॉक्टर म्हणाले होते, "आता नेहमीसारखं राहा." नेहमीसारखं म्हणजे कसं, हे विचारायचं तेव्हा बाईंना आणि त्यांच्या नवऱ्याला, दोघांनाही सुचलं नाही. आजारपणात निदान हातांना काम होतं: गोळ्या, डबे, वॉर्डच्या फेऱ्या. तेव्हा बाई रडल्या नव्हत्या. आता सुईत दोरा ओवताना डोळे भरून यायचे आणि शेजारणी म्हणायच्या, "आता कसलं रडताय? आता तर हसायचे दिवस!" मग बाई हसायच्या.

नवरा बसच्या वर्कशॉपमध्ये मेकॅनिक होता. मुलगी आंघोळीला गेली की तो दाराबाहेर उभा राही.

"काय हवंय, बाबा?"

"काही नाही. साबण आहे का बघत होतो."

"बंद दारातून?"

बाईंच्या हाती टेप होती. या ना त्या निमित्ताने त्या रोज मुलीचं माप घ्यायच्या. गळ्याचं माप घेताना बोटं जबड्याखाली गाठ लागते का चाचपत, बाहीचं घेताना काखेत शिरत. मुलगी आपणच हात वर करायची.

त्या दुपारी स्कर्ट घालून ती स्टुलावर उभी होती. पायांत गुडघ्यापर्यंत मोजे.

"घरात मोजे कशाला?"

"सवय करतेय. शाळेची."

बाईंनी मोजा खाली ओढला. नडगीवर हाताच्या पंजाएवढा निळा-हिरवा डाग होता.

आजाराची सुरुवात अशाच डागांनी झाली होती. 'आपटली असेल कुठंतरी,' असं तेव्हा बाईच म्हणाल्या होत्या.

त्यांनी फोन उचलला. "लगेच या," एवढंच बोलल्या. नवऱ्याने का म्हणून विचारलं नाही. काळ्याकुट्ट हातांनी तसाच आला आणि मुलीसमोर खाली बसला. डागाला हात लावायचं त्याचं धाडस झालं नाही.

"कशाने झालं?"

"लागलं."

"कशाचं लागलं?"

"सायकल पडली अंगावर. समोरच्यांची. आणि हो, मीच चालवत होते."

"विचारायचं नाही आधी?" बाई ओरडल्या.

"विचारलं असतं तर जाऊ दिलं असतंस?"

"हे मात्र खरं," बाप पुटपुटला. बाईंनी असं पाहिलं की तो गप्प झाला.

तरी ते गेलेच. दवाखान्यात रक्त घेतलं. "रिपोर्ट उद्या सकाळी," खिडकीवरचा माणूस म्हणाला. परतायला सायंकाळ झाली.

घरी आल्यावर मुलीने मशीनवरचा स्कर्ट उचलला, उलटा केला, काठावरून बोट फिरवलं.

"आई, याला दुमड नाही."

"कापड पुरलं नाही."

मुलीने फळीकडे पाहिलं. त्याच रंगाचा ताका तिथे आडवा पडला होता.

"समोरच्या बुटकीलासुद्धा ठेवलीस. ती तर बोटभरही वाढत नाही."

बाईंनी स्कर्ट तिच्या हातातून काढून घेतला. कापताना त्यांनी खडूने दुमडीची रेघ ओढली होती आणि मग हाताने पुसून टाकली होती. पुढच्या वर्षीचं कापड आज धरून ठेवायचं त्यांच्या जिवावर आलं होतं. कुणाची दृष्ट लागली तर? कापड मापात कापून झालं होतं. आता त्यातून काही निघणार नव्हतं.

"म्हटलं, आधी हे वर्ष..."

"मग पुढच्या वर्षी मी काय घालू?"

मग बाईंनी ताका खाली ओढला आणि टेबलावर उलगडला.

"अहो, हात धुऊन या आणि हे टोक धरा."

"अगं, रिपोर्ट तर येऊ दे."

"नाही. आत्ताच."

"उद्या सकाळपर्यंत काय बिघडतंय?"

"उद्या माझ्याच्याने होणार नाही. धरा म्हणते ना!"

तो हात धुऊन आला. दोन्ही मुठींत त्याने टोक इतकं घट्ट धरलं की कापडाला सुरकुत्या पडल्या. बाईंनी लांबी मोजली, त्याखाली चार बोटं टेकवली आणि खडूची रेघ मारली. कात्री चालू लागली.

"तिरकं गेलं, आई."

"जाऊ दे," बाई कापता कापता म्हणाल्या. "दुमडीत जाईल."