दत्ताभाऊंनी दिलेली ओ

हाक माझ्या नावाने आली होती. ओ दत्ताभाऊंनी दिली. आणि वर्षभरापूर्वी आजच्याच दिवशी गेले तेही दत्ताभाऊच.

हे लिहिताना माझं मलाच हसू येतंय. आमच्या रहाटणीच्या घरात भूतखेत, अंगारे-धुपारे असलं काही चालत नाही. पप्पा कंपनीत कामगार होते, पक्के बौद्ध. कशाचीही भीती वाटली की म्हणायचे, आधी कारण शोध.

तर वर्षभर मी कारण शोधतोय.

दत्ताभाऊ माझ्या कंपनीत सीनिअर फिटर. चाकणजवळच्या गावचे. घरचा कांदा आणि फर्स्ट शिफ्ट, दोन्ही सांभाळणारा माणूस. कंपनीने माल्टामधल्या एका प्लांटला मशीन विकलं आणि ते बसवायला आम्हा दोघांना पाठवलं.

माल्टा म्हणजे भूमध्य समुद्रातलं एवढंसं बेट. रविवारी सुट्टी. सकाळी व्हिडिओ कॉलवर माझी पोरगी रांगताना आम्ही दोघं बघायचो. मी मोबाईलवर 'बेस्ट बीचेस' शोधून ठेवायचो आणि दत्ताभाऊ पँट गुडघ्यापर्यंत दुमडून माझ्या मागे यायचे.

स्वतः पोहायचे नाहीत. काठावर बसून क्वालिटीवाल्यासारखं प्रत्येक पाणी पास-फेल करायचे.

गोल्डन बे पास. "पोरं खेळत्यात, बाया हसत्यात. चांगलं पाणी हाय."

ब्लू लगूनचा रंग बघून म्हणाले, "ह्यात मशीनचं कूलंट सांडलं काय रं कुणी?" पण तेही पास.

शेवटच्या रविवारी गर्दी टाळायला आम्ही कड्यावरून लांब चालत गेलो. एका ठिकाणी समुद्र कड्यांच्या मधे आत शिरला होता. दोन्हीकडे पिवळ्या दगडाच्या उंच भिंती, टोकाला गुहा. चिटपाखरू नाही.

बाहेर लाटा उसळत होत्या. आत पाणी हलत नव्हतं.

उतरायच्या वाटेवर खडकात एक कोनाडा होता. त्यात मेरीची छोटी मूर्ती, समोर विझलेली मेणबत्ती.

दत्ताभाऊ तिथेच थांबले. "बघ, हितंबी बाई बसवलीय. आमच्याकडं डोहावर सात असत्यात, पाण्यातल्या साती आसरा. उगं कुणी बसवत न्हाई."

"अहो दत्ताभाऊ, समुद्र आहे हा. डोह कुठला?"

"नाव बदललं म्हणून पाणी बदलतंय व्हय? उतरू नको."

मी शर्ट काढायला लागलो होतो. ते बघून म्हणाले, "बरं, एवढं तरी ध्यानात ठेव. हाक आली तर ओ द्यायची न्हाई. कुणाचीबी असू दे. ओ देईल त्याला त्या नेत्यात."

मी हसलो आणि उतरलो.

पाणी गार होतं, मस्त होतं. गुहेच्या तोंडापाशी पोचलो आणि आतून हाक आली.

"पिंट्याऽऽ"

पिंट्या मी फक्त घरात आहे. कंपनीत सगळ्यांना मिलिंद माहीत. आवाज बाईचा होता. गॅलरीतून पोराला जेवायला बोलावतात तसा लांबवलेला.

खरं सांगतो, भीती वाटली नाही. उलट बरं वाटलं. इतकं घरचं वाटलं की माझं तोंड उघडलं.

तेवढ्यात मागून दत्ताभाऊ ओरडले, "ओ! आलो, आलो!"

दत्ताभाऊंचा आवाज प्रेस मशीन चालू असतानाही अख्ख्या शॉप फ्लोअरला ऐकू जायचा. मी पाण्यात हात मारला तरी त्या कड्यांत घुमत होतं. त्यांची ओ घुमलीच नाही. कुणीतरी झेलून घ्यावी तशी गेली.

मी बाहेर कसा आलो ते आठवत नाही. दत्ताभाऊ पांढरेफटक पडले होते. मग लगेच नेहमीसारखे झाले. "चल, बस चुकंल."

बसमध्ये मटार भरलेली पेस्ट्री काढून खायला लागले. म्हणाले, "ही करंजी बरी हाय."

मी विचारलं, "तुम्हीच म्हणालात ना ओ द्यायची नाही? मग तुम्ही का दिलीत?"

"तू तोंड उघडलं व्हतंस. मग कुणालातरी आधी द्याया लागती." विषय संपला.

इकडे आल्यावर मी कुणाला काही बोललो नाही. काय बोलणार?

काही महिन्यांनी फर्स्ट शिफ्टच्या बसमध्ये दत्ताभाऊ खिडकीला डोकं टेकून झोपले. कंपनीच्या गेटवर सगळे उतरले, ते उतरले नाहीत. डॉक्टर म्हणाले, हार्ट अटॅक.

शर्ट चिंब भिजलेला होता. अटॅकमध्ये घाम येतो, मी वाचलंय. पण त्यांना उचलणारा ड्रायव्हर अजून सांगतो, "घाम न्हवता ओ साहेब. पाणी निथळत व्हतं."

तेव्हापासून मला एकच प्रश्न खातोय. ते माझ्या जागी गेले का?

पन्नाशीचा माणूस, तंबाखू, आयुष्यभर शिफ्टा. कारण समोर आहे. मी रोज हे स्वतःला समजावतो आणि दिवसा ते पटतंही.

आज वर्षश्राद्धाला त्यांच्या गावी गेलो. वहिनी पानात वाढत होत्या आणि मला राहवलं नाही. सगळं सांगून टाकलं. वाटलं, म्हणतील, काहीतरीच काय भाऊजी.

वहिनींचा हात थांबला. "म्हायती हाय मला. त्याच राती फोन आलता त्यांचा. लई भांडले मी. म्हणलं, दुसऱ्याच्या हाकेला तुमी का ओ दिली?"

"मग?"

"म्हणाले, त्याची पोरगी अजून रांगती हाय. आपली दोन्ही हाताशी आली."

आणि माझ्या भातावर वरण घातलं. "जेवा भाऊजी. गार होतंय."

मी जेवलो. रडत रडत जेवलो. पंगत बघत होती, बघू दे.

मी आजही हे मानत नाही. पण दत्ताभाऊ मानत होते. अगदी मनापासून मानत होते, आणि तरी त्यांनी ओ दिली.

आमच्यात आदरांजली म्हणतात, तुमच्यात श्रद्धांजली.
दोन्ही घ्या, दत्ताभाऊ.