माझ्या बडबडीची प्लेट

एम.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला मला प्रोजेक्ट मिळाला तो वाटाण्याच्या मुळांचा. वाटाण्याचं रोप उपटलं की मुळांवर बारीक गुलाबीसर गाठी दिसतात. त्या गाठींत राहणारे जिवाणू हवेतला नायट्रोजन रोपाला मिळवून देतात. त्यांतला एक जिवाणू मला वेगळा काढायचा होता. वेगळा म्हणजे अगदी एकटा. प्लेटमध्ये त्याच्याशिवाय दुसरं कुणी दिसायला नको.

रोपं आणून दिली आमच्या लॅब अटेंडंटनी. आमचं शहर हिंदी मुलखातलं, त्यामुळे त्यांना सगळा विभाग भैयाजी म्हणायचा. रिटायरमेंटला आलेला माणूस, शहराबाहेर पनागरला शेती, आणि थंडी पडली की मटर सोडून दुसरा विषय नाही. ओल्या पोत्यात गुंडाळलेली रोपं माझ्या टेबलावर ठेवून त्यांनी विचारलं, "बिटिया, इसमें से कीड़ा निकालोगी?"

"कीड़ा नहीं भैयाजी, बैक्टीरिया।"

"हमारे लिए तो एक ही है।"

काम ऐकायला सोपं होतं. गाठ धुवायची, वरचे उपरे जंतू मरावेत म्हणून औषधात बुडवायची, पुन्हा धुवायची, चिरडायची. मग बर्नरवर लाल केलेली तार थंड करून त्या रसात टेकवायची आणि अगारच्या, म्हणजे जिवाणूंचं खाद्य घालून थिजवलेल्या जेलीच्या, प्लेटवर रेघा ओढायच्या. प्रत्येक वेळी तार पुन्हा तापवायची, म्हणजे शेवटच्या रेघांपर्यंत जिवाणू इतके विरळ होतात की एकेकाची वेगळी वसाहत उगवते. आमच्या जिवाणूची वसाहत पांढरी, ओलसर, शिजलेल्या साबुदाण्यासारखी चमकणारी. मग प्लेट इन्क्युबेटरमध्ये उलटी ठेवायची आणि दोन-तीन दिवस जिवाला घोर लावून घ्यायचा.

पहिल्या प्लेटमध्ये साबुदाणा होता. पण त्याच्या मध्ये मध्ये हळदीच्या रंगाचे टपोरे ठिपकेही होते. दुसरीतही तेच. चौथ्या प्लेटनंतर माझ्या गाईड मॅडमनी मला केबिनमध्ये बोलावलं.

आमच्या मॅडम आवाज कधी चढवायच्या नाहीत, त्यामुळे त्यांची भीती जास्त वाटायची. प्लेट उजेडात धरून त्या शांतपणे म्हणाल्या, "ये पीला वाला कौन है?"

"पता नहीं मॅम."

"पता करो।"

मग तपास सुरू झाला. अगार चुकीचा शिजला असेल म्हणून एक प्लेट काहीच न लावता ठेवली, ती स्वच्छ निघाली. गाठी नीट धुतल्या गेल्या नसतील म्हणून मॅडमच्या देखत शेवटच्या धुण्याचं पाणी एका प्लेटला लावून बघितलं, तीही स्वच्छ. मग टेबल, स्टूल, दाराची कडी, सगळ्यांवरून ओला कापूस फिरवला. भैयाजींना ते लागलं. "इतने साल से हम पोंछा लगा रहे हैं, आज तक किसी ने शक नहीं किया," असं म्हणून ते दोन दिवस माझ्याशी तुटक वागले. तिसऱ्या दिवशी त्यांना माझी दया आली असावी. आमच्या काचेच्या खोलीच्या दारावर त्यांनी लिंबू-मिरची टांगली.

मॅडमनी ती बघितली. फक्त मला म्हणाल्या, "इसका भी स्वॅब ले लो।" लिंबावर काळी बुरशी निघाली. पिवळा कुणी नव्हता.

ती काचेची खोली म्हणजे आमची कामाची जागा. गाळलेली हवा सोडणारं जे कपाट असतं त्याचं फिल्टर गेलं होतं. दुरुस्तीचा कागद कुठल्या टेबलावर होता ते कुणालाच माहीत नव्हतं. मातीतला निरुपद्रवी जिवाणू, म्हणून पंखा बंद, दार बंद आणि बर्नरच्या ज्योतीजवळ काम, एवढ्यावर आम्हाला परवानगी होती. एके दिवशी मी रेघा ओढत असताना मॅडम काचेबाहेर येऊन उभ्या राहिल्या. बराच वेळ उभ्या होत्या. मग त्यांनी काचेवर टकटक केलं.

"किससे बात कर रही हो?"

मी मागे बघितलं. खोलीत मी एकटीच होते.

खरं सांगायचं तर मला काम करताना बोलायची सवय आहे. लहानपणापासून. घरात आई बोलते, मी बोलते, आणि बाबा ऐकतात. खोलीत ऐकायला कुणी नसलं तर मी तारेशी बोलायचे, गाठीशी बोलायचे. "ये बाबा, आता इकडं ये, घाबरू नको, गरम नाही आता." मास्क होता, पण तो हनुवटीखाली, कारण मास्कमधून बोललेलं माझं मलाच नीट ऐकू येत नसे.

मॅडमनी दोन प्लेटी मागवल्या. एक माझ्यासमोर उघडी ठेवून पाच मिनिटं गप्प बसायला सांगितलं. ती पाच मिनिटं फार लांब होती. दुसरी उघडून म्हणाल्या, "अब बोलो।"

"क्या बोलूँ मॅम?"

"जो हमेशा बोलती हो।"

तेव्हा नुकतंच माझ्या चुलत बहिणीचं लग्न झालं होतं आणि तिथं जेवणाच्या पंगतीवरून दोन मामांचं जे भांडण झालं होतं ते मला अजून कुणाला नीट सांगता आलं नव्हतं. मी प्लेटला सांगितलं. दोन्ही मामांच्या आवाजांत सांगितलं. पाच मिनिटं पुरली नाहीत.

दोन दिवसांनी मॅडमनी प्लेटी शेजारी शेजारी ठेवल्या. गप्प प्लेटवर एखाददुसरा ठिपका. बोलक्या प्लेटवर पिवळे, पांढरे, मलईच्या रंगाचे, चिकटून चिकटून.

"ये," मॅडम म्हणाल्या, "तुम्हारी बहन की शादी है।"

भैयाजी दारात उभे होते. इतके हसले की त्यांना स्टूल द्यावं लागलं.

मी मात्र घरी आले ती ठरवूनच. मास्क नाकापर्यंत लावणं सोपं होतं, पण तोंड आपोआप चालतं त्याचं काय? सवय घरातूनच मोडायला हवी. दुसऱ्या दिवसापासून मी पोळ्या लाटताना गप्प, कपडे वाळत घालताना गप्प. विचारलं तर हो किंवा नाही. कारण सांगायची लाज वाटत होती. तोंडातून प्लेटभर जंतू निघाले, हे आईला कसं सांगणार?

आईनं पहिला दिवस सोसला. दुसऱ्या दिवशी कपाळाला हात लावून बघितला. तिसऱ्या दिवशी माझ्याजवळ बसून हळूच म्हणाली, "काहून बोलून नाही राहिली तू? कोणी पोरगा हाये काय? असंन तर सांग, आम्ही काही खात नाही तुले."

मी नुसती नकाराची मान हलवली. त्यानं तिची खात्रीच पटली. रात्री मीठ-मोहऱ्या ओवाळून झाल्या. स्वयंपाकघरातून तिचा आवाज आला, "तुम्ही जाऊन या एकदा तिच्या कॉलेजात. काहीतरी लपवून राहिली ते."

बाबा दारूगोळ्याच्या कारखान्यातून निवृत्त झालेले. सगळी नोकरी स्फोटकं भरायच्या विभागात काढलेली, त्यामुळे माणूस कमी बोलणारा आणि घरातल्या गॅसच्या नळीकडे संशयानं बघणारा. सकाळी स्कूटर काढून ते थेट आमच्या विभागात आले. मी आत काम करत होते. काचेतून दिसलं, बाबांनी दारात चपला काढल्या, खिशातून किल्ल्या, मोबाईल, पेन काढून स्टुलावर ओळीत ठेवलं आणि हात वर करून उभे राहिले. कारखान्याच्या गेटवर तपासतात तसं कुणीतरी तपासेल म्हणून. भैयाजींना काय करावं कळेना. त्यांनीही हात वर केले.

मी मास्क काढून बाहेर येईपर्यंत बाबांची नजर काचेतून माझ्या टेबलावर गेली होती. हात पुसायला घेतलेलं स्पिरिट उघड्या बीकरमध्ये, आणि त्याच्या अगदी शेजारी पेटलेला बर्नर.

"ये किसने रखा है?"

हा आवाज मी घरात कधी ऐकला नव्हता. तो कारखान्यातला होता. भैयाजी ताठ झाले. शेजारच्या लॅबमधली मुलं बाहेर आली. मॅडम केबिनमधून आल्या.

मी म्हणाले, "मी ठेवलं, बाबा." चार दिवसांत घरच्या माणसाशी बोललेलं माझं पहिलं अख्खं वाक्य.

बाबांनी आधी ज्योत बंद करायला लावली, मग स्पिरिट झाकून टेबलाच्या दुसऱ्या टोकाला. मग त्यांनी सगळ्यांना उभं करून सांगितलं की स्पिरिटची वाफ दिसत नाही, ती टेबलावरून सरपटत ज्योतीपर्यंत जाते, आणि ज्याला वाटतं आपल्याला सवय आहे त्याचाच हात भाजतो. मॅडम विद्यार्थ्यासारख्या ऐकत होत्या. त्याच दुपारी टेबलावर लाल पट्टी चिकटली, पलीकडे स्पिरिट, अलीकडे आग. पट्टी भैयाजींनी बाबांकडून दोनदा तपासून घेतली.

हे झाल्यावर मॅडमनी विचारलं, येणं कसं झालं. बाबा एकदम संकोचले. "बच्ची चार दिन से घर में बोल नहीं रही।"

मॅडमनी माझ्याकडे बघितलं, मग फ्रिजमधून ती प्लेट आणली. टेप लावून बंद केलेली होती. काय झालं ते सांगितलं. बाबांनी चष्मा कपाळावर सरकवून प्लेट फिरवून फिरवून पाहिली.

"ये सब इसके मुँह से निकला?"

"सबके मुँह से निकलता है। इसका ज़रा ज़्यादा निकला।"

बाबांनी प्लेट जपून टेबलावर ठेवली. मग आवाज खाली करून म्हणाले, "मॅडम, इसकी माँ का भी एक बना सकते हैं क्या?"

मॅडमना जोरात हसताना मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. प्लेट घरी दाखवायला नेऊ का, असंही बाबांनी विचारलं. मॅडम म्हणाल्या, नाही, उगवलेलं काही लॅबच्या बाहेर जात नाही. ऑटोक्लेव्हमध्ये, वाफेत, मारून मगच टाकायचं. बाबांना ते फार पटलं. मोबाईलवर फोटो मात्र काढून घेतला. संध्याकाळी आईला फोटोही दाखवला आणि स्वतः काय विचारलं तेही भोळेपणानं सांगितलं. त्यानंतर दोन दिवस आमच्या घरात आईही गप्प होती, पण फक्त बाबांशी.

माझी प्लेट पुढच्या आठवड्यात शुद्ध निघाली. मास्क वर, ओठ दाताखाली, मनातल्या मनात मात्र सगळी बडबड चालू. पांढरे दाणे, एकेकटे, पिवळा एकही नाही. त्यातला एक उचलून मी छोट्या नळीत वाढवला, मॅडमनी रजिस्टरमध्ये त्याला नंबर दिला आणि भैयाजी म्हणाले, "चलो, निकल आया कीड़ा।"

आईला मात्र तेवढ्यात माझ्या जंतूंची मायाच लागली. रविवारी मला घरी पोळ्या लाटत बसलेली बघून तिनं काळजीनं विचारलं, "आज सुट्टी, मग त्याईच्याकडं कोण पाहते?"

"फ्रिजमध्ये ठेवलेत आई."

"अव्वो! ह्या थंडीत?"

मग मी लाटणं खाली ठेवलं आणि तिला पहिल्यापासून सगळं सांगायला बसले.