थेंब्यांचा डबा

आमच्या खोलीखाली सायकलचं दुकान होतं. दुकानदाराला सगळे थेंबे म्हणत. ते आडनाव नव्हे. तेलाच्या बुधलीच्या तोंडाशी लोंबणारा थेंबसुद्धा तो बोटाने टिपून साखळीला लावायचा, म्हणून पडलेलं नाव. रंगमंचावर मी राजे केले, सेनापती केले, पण कामाला असा जीव लावणारा माणूस मला विंगेतही क्वचितच भेटला.

बायको गेल्यावर लेकीला त्याने एकट्याने वाढवलं. पोर सायकलच्या शर्यतीत उतरायची. त्या वर्षी संघाची निवड होती आणि पुढच्या वर्षी ती वयोमर्यादेत बसणार नव्हती. म्हणजे आता नाही तर कधीच नाही.

तिचे टायर बिनट्यूबचे. त्यांत दुधासारखं सीलंट ओततात. काटा घुसला की ते भोकात जाऊन थिजतं आणि हवा कोंडून धरतं. पण ते नाशवंत. बाटली फोडली की काही महिन्यांत त्याच्या गुठळ्या होतात. थेंब्याला हे ठाऊक होतं, पण फेकायचं त्याच्या जिवावर येई. उरलंसुरलं तो एका डब्यात साठवायचा, नवी बाटली आणली की तीही त्यातच रिती करायचा. डबा कानाशी धरून हलवायचा. खुळखुळला की झालं.

निवडीच्या शर्यतीच्या आधी मी दुकानातल्या बाकावर बसलो होतो. लेक म्हणाली, "बाबा, नवी बाटली थेट टायरमध्ये ओता. डब्यातलं नको."

"जुन्यात मिसळलं की नवंही मुरतं गं."

"लोणचं आहे का ते?"

"तुझ्या जन्माआधीपासून सायकली दुरुस्त करतोय मी."

"तेव्हा हे टायर होते का?"

मी मध्ये पडलो, "थेंब्या, नायिका ती आहे. तू आपलं नेपथ्य सांभाळ."

तो हसला. "बरं बाई, नवीनच ओततो."

शर्यतीत पुढच्या चाकात काच घुसली. भोकातून पांढरं पाणी उडत राहिलं, थिजलं काही नाही. पोर सायकल ढकलत शेवटच्या रेषेपर्यंत आली, तोवर माणसं पांगली होती.

दुकानात येऊन तिने स्वतःच टायर उकलला. आत रबराच्या गुठळ्या आणि ताकासारखं पाणी.

"नवी बाटली कुठाय?"

त्याने फळीवरची रिकामी बाटली दाखवली.

"कशात ओतलीत?"

त्याने डब्याकडे बोट केलं. मग म्हणाला, "डब्यात जुनं थोडंच होतं गं."

"मग मला हो का म्हणालात?"

"तू ओरडशील म्हणून."

"मी कधी ओरडले तुमच्यावर?"

तो वाकून सांडलेलं पाणी फडक्याने टिपायला लागला.

तिचा संघ हुकला. पुढे ती नोकरीला लागली, मैत्रिणीकडे राहायला गेली. मला फोन करते. "आजोबा, बाबा वेळेवर जेवतात ना?" एवढंच. त्याला करत नाही.

परवा दुपारी समोरच्या फुटपाथवरून ती सायकल हातात धरून चालली होती. मागचं चाक बसलेलं. कोपऱ्यापलीकडे सायकलींचं काचेच्या दारांचं मोठं दुकान झालंय, तिकडे निघाली असावी. थेंब्या पंप घेऊन दारात उभा होता.

"हाक मार," मी म्हणालो.

"तिकडे चांगलं करतात, काका," तो म्हणाला. आणि तिला मान फिरवावी लागू नये म्हणून, ती पुढे जाईपर्यंत आत जाऊन उभा राहिला.